प्रवाळालाही लागते ‘हार्डनिंग’

केळीचे उतीसंवर्धित रोप प्रयोगशाळेच्या बाटलीतून काढून थेट वावरात लावा, असे कोऱ्हाळे बुद्रुकच्या कोणत्याही बागायतदाराला सांगितले, तर तो सांगणाऱ्यालाच वेड्यात काढील. नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात ऊसरोपांचे ट्रे शेडनेटमधून बाहेर काढण्याआधी त्यांना काही दिवस उन्हाची ओळख करून दिली जाते. इंदापूरकडे डाळिंबाच्या फळांवर उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून झाडांवर कापड टाकतात. रोप घ्यायला गेलेला शेतकरी भाव विचारण्याच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतो: ‘हार्डनिंग झालंय का?’ उत्तर गुळमुळीत आले, तर तो पुढच्या नर्सरीत जातो.

हाच प्रश्न पुण्या-मुंबईत खाऱ्या पाण्याच्या काचपेटीसाठी प्रवाळ विकत घेणारा माणूस सहसा विचारत नाही. पाण्याची क्षारता मोजतो, तापमान जुळवतो, प्रवाळाची पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवतो. मग तो तुकडा टाकीतल्या सर्वांत उंच खडकावर, झगझगीत एलईडीच्या बरोबर खाली मांडतो, कारण तिथे तो सुंदर दिसतो. आठ-दहा दिवसांत वरची बाजू पांढरी पडते. दोष पाण्याला दिला जातो, दुकानदाराला दिला जातो, कधी नशिबाला. उजेडाचे नाव फार उशिरा निघते.

शहरी छंदातला हा किरकोळ तोटा आहे, एवढ्यावर हा विषय सोडून देता येत नाही. हीच चूक मोठ्या प्रमाणावर, सरकारी खर्चाने आणि संरक्षित जिवांच्या बाबतीत होऊ शकते. त्यामुळे बाटलीतल्या केळीपासूनच सुरुवात केलेली बरी.

प्रयोगशाळेतल्या उतीसंवर्धन कक्षात साधारण २ ते ३ हजार लक्स उजेड असतो. बाहेर भर दुपारी उघड्या रानात तो १ लाख लक्सपर्यंत जातो. म्हणजे तीस ते पन्नास पट फरक. बाटलीतल्या रोपाची पाने पातळ असतात, त्यांच्यावर मेणाचा थर नावापुरता असतो, पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. असे पान उन्हात गेले की दोन गोष्टी एकदम होतात. पाणी उडून जाते आणि पानातली प्रकाश पकडणारी यंत्रणा पेलवणार नाही इतका प्रकाश पकडून बसते. पाण्याचा प्रश्न सगळ्यांना दिसतो, कारण रोप कोमेजते. प्रकाशाचा दिसत नाही. म्हणून आधी हरितगृहात चार-सहा आठवडे, मग शेडनेटखाली जवळपास तितकेच, अशी केळीची दुहेरी तालीम होते. बाटलीतली जुनी पाने बहुधा सुधारत नाहीतच. या काळात नवी पाने येतात आणि ती नव्या उन्हाच्या मापाने घडलेली असतात.

प्रवाळाकडे ही सोय नाही. नवे पान फुटण्याची वाट बघण्याइतकी उसंत त्याला मिळत नाही.

प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे, हे शाळेत शिकवले जाते आणि विसरलेही जाते. मऊ, नळीसारखे शरीर, तोंडाभोवती स्पर्शिका, खाली चुन्याचा सांगाडा. पण उथळ समुद्रातल्या बहुतेक दगडी प्रवाळांच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर साखर बनवते आणि तिचा मोठा वाटा, काही जातींमध्ये गरजेच्या ९० टक्क्यांपर्यंत, यजमानाला देते. बदल्यात त्याला निवारा आणि प्राण्याच्या शरीरातले टाकाऊ नत्र मिळते. समुद्राच्या ज्या निळ्या पाण्यात खत म्हणून काहीच नसते, तिथे प्रवाळाचे बेट उभे राहते ते या भागीदारीवर. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंगही बराचसा या भाडेकरूचाच असतो.

या शैवालाच्या आतली यंत्रणा आणि केळीच्या पानातली यंत्रणा मुळात एकाच घराण्यातली आहे. दोन्हीकडे ‘फोटोसिस्टिम टू’ नावाचा प्रथिनांचा संच प्रकाश पकडून पाण्याचे विघटन करतो. त्यातले डी-१ नावाचे प्रथिन काम करता करता सतत मोडते आणि पेशी ते सतत नवे बसवते. कमी उजेडात मोडतोड आणि दुरुस्ती यांचा मेळ बसतो. उजेड एकदम वाढला की मोडतोड पुढे जाते, दुरुस्ती मागे पडते. न वापरता आलेली ऊर्जा मग ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार करते आणि ते शैवालाबरोबर यजमानाच्या पेशींनाही इजा करतात. प्रवाळ शेवटी शैवालाला बाहेर काढतो. पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन किंवा ब्लीचिंग म्हणतात. त्या क्षणी प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. शैवाल परत आले तर वाचतो, नाही तर काही आठवड्यांत संपतो.

जगभरच्या बातम्यांत विरंजनाचे कारण म्हणून समुद्राचे वाढते तापमान येते आणि ते खरेच आहे. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांना त्याचा जबर तडाखा बसला. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने जगातल्या चौथ्या महाविरंजनाची घोषणा केली. पण उष्णता एकटी येत नाही. तापलेल्या पाण्यात दुरुस्तीचे काम मंदावते आणि मग एरवी सोसणारा उजेडही जाच करू लागतो. एकाच वसाहतीची उन्हाकडची बाजू पांढरी आणि सावलीतली बाजू तपकिरी राहिलेली दिसते, ती यामुळेच. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर समुद्राच्या पाण्याचे बारीक तुषार हवेत सोडून ढग अधिक उजळ करण्याचे, म्हणजे प्रवाळांवर सावली धरण्याचे, प्रयोग २०२० पासून चालू आहेत. इंदापूरच्या डाळिंबावरचे कापड आणि हा प्रयोग यांत तत्त्वाचा फरक नाही, खर्चाचा आहे.

प्रवाळाला जुळवून घेता येतच नाही, असे मात्र नाही. वेळ दिला तर तो बरेच काही करतो. उजेड वाढत गेला की शैवाल आपल्यातले प्रकाश पकडणारे रंगद्रव्य कमी करते, जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देणारी रंगद्रव्ये वाढवते. यजमान शैवालाची संख्या घटवतो आणि स्वतःची चमकदार प्रथिने व अतिनील किरण शोषणारी संयुगे तयार करतो. छंदिष्टांना आवडणारा जांभळा-गुलाबी झगमगाट बऱ्याचदा या संरक्षणाचाच भाग असतो. उजेड कमी झाला तर उलट होते आणि प्रवाळ गडद तपकिरी पडतो. हे सगळे तासांत होत नाही. दिवस लागतात, बहुधा आठवडे लागतात.

घरच्या टाकीत हा काळ द्यायचा कसा, हे अवघड नाही. दिव्याची तीव्रता आधी निम्म्याखाली आणावी किंवा नवा प्रवाळ टाकीच्या तळाशी, कडेला ठेवावा आणि तीन-चार आठवड्यांत थोडे थोडे वाढवावे. आधीपासून स्थिरावलेले प्रवाळ टाकीत असतील आणि दिवा कमी करता येत नसेल, तर नव्या तुकड्यावर प्लॅस्टिकच्या जाळीचे दोन-तीन थर धरून ते काही दिवसांच्या अंतराने एकेक काढावेत. ही तर शेडनेटच झाली. अनेक जण तीव्रता तीच ठेवून दिवा फक्त कमी तास चालवतात. त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण पेशीची क्षमता ओलांडली जाते ती तीव्रतेने. दुपारी बाराच्या उन्हात अर्धा तास बसवलेले बाटलीतले रोपही करपतेच. सर्वांत वाईट म्हणजे रोज जागा बदलणे. आज वर, उद्या खाली, परवा पुन्हा वर. प्रवाळ एका उजेडाशी जुळवून घ्यायला लागतो न लागतो, तोच त्याचे गणित मोडले जाते. तपकिरी पडलेला प्रवाळ आजारी आहे असे समजून त्याला घाईने दिव्याजवळ नेणे हीसुद्धा त्याच जातीची चूक. त्याला आगीतून फुफाट्यात टाकल्यासारखे होते.

इथे माणसाचा डोळा फसवतो. डोळ्याला हिरवा-पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी भासतो, निळा बराच मंद. प्रवाळाच्या शैवालाला मात्र निळा प्रकाश पुरेपूर वापरता येतो, कारण समुद्रात खोलवर तोच पोहोचतो. त्यामुळे निळ्या एलईडीखालची टाकी संध्याकाळसारखी अंधूक दिसते आणि त्याच वेळी प्रवाळावर उजेडाचा मारा चालू असतो. मोबाइलमधले लक्स मोजणारे ॲप माणसाच्या डोळ्याप्रमाणेच बनवलेले असल्याने तेही तितकेच फसते. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारे वेगळे मीटर असते. ते महाग आहे, पण दुकानाला एक पुरते.

दुकानाकडून अपेक्षा करायची ती नेमकी ही. नर्सरीवाला रोप किती दिवस शेडनेटमध्ये होते हे सांगतो. प्रवाळ विकणाऱ्याने तो तुकडा आपल्याकडे किती दिवस होता, किती तीव्रतेच्या उजेडात होता आणि कुठल्या खोलीवरून किंवा कोणत्या संवर्धन केंद्रातून आला, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. प्रवासात तो दोन-तीन दिवस पूर्ण अंधारात असतो, हेही धरावे. ही माहिती नसेल तर तो जीव किती उजेड सोसेल, हे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. आणि ती मागणारे गिऱ्हाईक नसेल, तर दुकानदार ती ठेवणार नाही.

चिठ्ठीबरोबर कागदही हवेत. भारतात दगडी प्रवाळांच्या सर्व जाती, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि अग्निप्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. वाघाला मिळते ती श्रेणी. आपल्या समुद्रातून असा प्रवाळ काढणे, विकणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्याला ३ ते ७ वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशातून येणाऱ्या दगडी प्रवाळांना ‘साइट्स’ कराराखाली परवाना लागतो. ‘कागदाचं काय एवढं’ म्हणणाऱ्या दुकानातून काहीही न घेणे हाच सरळ मार्ग. तळहाताएवढा गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर वाढतो. तो दहा दिवसांत पांढरा करून कचऱ्यात टाकण्यामागे कितीक वर्षांची वाढ असते, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

छंदाची आणखी एक बाजू थेट आरोग्याची आहे. कायद्याच्या या यादीबाहेरचे झोअँथिड, म्हणजे बटणासारखे दिसणारे रंगीत मऊ जीव, नवशिक्यांना हमखास दिले जातात, कारण ते चिवट असतात. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असते. हे विष १९७१ मध्ये हवाईमधल्या अशाच एका जीवापासून प्रथम वेगळे केले गेले आणि प्रथिन नसलेल्या ज्ञात विषांमध्ये ते अतिशय जहाल गणले जाते. टाकीतला दगड स्वच्छ करायला उकळते पाणी ओतल्याने किंवा ब्रशने घासल्याने उडालेली वाफ आणि तुषार श्वासात जाऊन घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना युरोप-अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. हातमोजे, चष्मा, बोटाला कापले असेल तर टाकीत हात न घालणे, आणि दगड कधीही न उकळणे, इतके तरी प्रत्येक विक्रेत्याने सांगितलेच पाहिजे. दगड हाताळल्यावर ताप, खोकला, छातीत आवळल्यासारखे किंवा डोळ्यात आग झाली, तर डॉक्टरांना टाकीबद्दल आवर्जून सांगावे. आपल्याकडे तो प्रश्न डॉक्टर आपण होऊन विचारण्याची शक्यता कमीच.

आता काचपेटीबाहेर. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. मालवण आणि इतर काही ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद सय्यद झहूर कासिम आणि वफर या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे आणि तिथे वीसेक मीटर खोलीवर प्रवाळ आहेत. आणि अगदी मुंबईतही, हाजी अली आणि वरळीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, गढूळ पाण्यातल्या खडकांना धरून लहान वसाहती आहेत.

किनारी रस्त्याच्या कामात या वसाहती भरावाखाली जाणार होत्या. संरक्षित जीव म्हणून वनखात्याची परवानगी घेऊन २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली १८ वसाहती कुलाब्याकडे हलवण्यात आल्या. भराव टाकून त्या गाडून टाकण्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगले झाले, याबद्दल दुमत नसावे. शहराला आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ असल्याचे कळले, तेही त्यामुळेच.

पण ‘हलवले’ या शब्दापाशी बातमी संपते आणि जिवाची परीक्षा तिथून सुरू होते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला उजेड विचित्र असतो. भरतीला चहासारख्या गढूळ पाण्याखाली जवळजवळ अंधार, ओहोटीला काही वेळ थेट ऊन. जुन्या जागी खडकाची कोणती बाजू, किती उंची, कोणती कपार यावर त्या वसाहतीचा उजेड ठरलेला होता आणि तिने वर्षानुवर्षे त्याच्याशी जुळवून घेतले होते. नवी जागा एका वितीने उंच असली, पाणी थोडे स्वच्छ असले, खडकाचे तोंड दक्षिणेला फिरले, तरी गणित बदलते. मुंबईच्या खडकांवरच्या काही जाती शैवालावर फार अवलंबून नसतात. त्यांना याचा त्रास कमी. म्हणूनच एका जातीच्या जगण्यावरून दुसरीचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे आणि ‘इतके टक्के जगले’ हा एकच आकडा फारसे काही सांगत नाही.

जुन्या आणि नव्या जागेवरच्या उजेडाची, तापमानाची आणि गाळाची सलग मोजणी वसाहतीगणिक आणि जातवार लोकांसमोर ठेवली गेली पाहिजे, ही मागणी अवाजवी नाही. पाण्याखाली महिनोन्महिने प्रकाश नोंदवणारी उपकरणे हल्ली मुठीत मावतात आणि रस्त्याच्या खर्चापुढे त्यांची किंमत नगण्य आहे. सहा महिन्यांनी जिवंत दिसलेला प्रवाळ तीन वर्षांनी वाढलेला आहे का, हा खरा प्रश्न. नर्सरीतून उचललेले रोप आठवड्याने हिरवे आहे म्हणून कुणी पीक आल्याचे पेढे वाटत नाही.

मोजणीत ऑक्टोबर तर असायलाच हवा. जूनपासून चार महिने आकाश ढगाळ असते, नद्या-नाल्यांचा गाळ समुद्रात असतो आणि प्रवाळ कमी उजेडाच्या तयारीत गेलेला असतो. मग पाऊस जातो, गाळ बसू लागतो, ऊन तापते. घरच्या टाकीतही याची छोटी आवृत्ती घडते: पिवळसर झालेले पाणी स्वच्छ करायला कुणी एकदम भरपूर सक्रिय कोळसा घालतो, पाणी काचेसारखे नितळ होते आणि दिव्याला हात न लावताही दोन दिवसांत प्रवाळ फिके पडतात. पाणी निवळणे म्हणजे उजेड वाढवणे. समुद्रात ते कुणाच्या हातात नसते, पण प्रवाळ कधी हलवायचा ते असते. पावसाळ्याच्या अखेरीस अंधाराला सरावलेली वसाहत उचलून ऑक्टोबरच्या उन्हात उथळ खडकावर चिकटवली, तर बाटलीतली केळी भर दुपारी लावल्यासारखेच होईल.

वर्सोव्यापासून उत्तरेकडे किनारी रस्त्याचा पुढचा टप्पा आखला गेला आहे. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. दोन्हीकडे खडकाळ किनारे आहेत आणि तिथे काय काय चिकटून जगते याची पाहणी होईलच. त्या पाहणीत जातींच्या यादीशेजारी उजेडाचा एक रकाना असावा, एका दिवसाचा नव्हे तर पूर्ण वर्षाचा, आणि तो भरल्याखेरीज कोणतीही वसाहत जागची हलवण्याची परवानगी वनखात्याने देऊ नये.